जुनी थार ठेवायची की नवी घ्यायची? खान्देशच्या रस्त्यांवर तपासून घेतलेला निर्णय

गाडी २०१२ची महिंद्राची थार सीआरडीई (जुन्या पिढीतलं डिझेल मॉडेल), कापडी हूडची, एमएच १८ पासिंगची. तिचं काम तीन जागी. शिरपूर-शहादा पट्ट्यातली काळी शेती, सातपुड्यात धडगाव-मोलगीकडचे पाडे, आणि या दोन्हींकडे पोहोचवणारा धुळे-जळगाव-नंदुरबारचा हायवे. २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे फेरनोंदणी करायची की त्याआधीच गाडी बदलायची हे ठरवणं भाग होतं. आम्ही क्रम असा ठेवला: आधी जुनी उघडून पाहायची, मग नवी त्याच रस्त्यांवर चालवायची आणि कागदपत्रांचा हिशोब शेवटी. शोरूमची पायरी आधी चढलं की जुनीचा प्रत्येक आवाज दुप्पट ऐकू येतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

त्याही आधी एक वही केली. टाकी भरली की त्या टाकीतले किती किलोमीटर डांबरावर गेले, किती कच्च्यावर आणि खरोखर फोर बाय फोर (चारही चाकांची ओढ) किती लागलं, एवढंच लिहायचं. प्रत्येक जीपवाल्याला वाटतं की आपण कायम चिखलातच असतो. वहीत मात्र डांबराचाच आकडा फुगत गेला. फोर बाय फोरची गरज मोजकीच होती, पण जेव्हा लागली तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पुढचे सगळे निर्णय या वहीनेच केले.

चासी

इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग (एक्सलमधला दात्यांचा गोळा) हे सगळं दुरुस्त होतं किंवा बदलता येतं. चासी, म्हणजे ज्यावर सगळी गाडी उभी असते तो लोखंडी सांगाडा, गेली की विषय संपला. म्हणून पहिला दिवस चासीला द्या. गाडी आधी खालून प्रेशरने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्या. लहान हातोडीने दोन्ही लांब पट्ट्यांवर टोले मारत पुढून मागे जा. धड लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून टेका. रंगाखालून पापुद्रे सुटले तर वरवरचा गंज आहे, टोक आत गेलं तर पत्रा गेलेला आहे.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या चाकांमागचा चासीचा भाग, पाट्यांच्या (मागच्या लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे ब्रॅकेट, बॉडी जिथे चासीवर बसते ते रबरी माउंट आणि पेटीसारख्या भागांत साचलेली माती. खान्देशची हवा कोरडी आहे, त्यामुळे कोकणातल्या गाड्यांइतका गंज इथे धरत नाही. पण काळी माती पोकळीत जाऊन घट्ट बसते आणि पावसाळा संपल्यावरही कितीतरी दिवस आत ओल धरून ठेवते. दुसरं कारण रासायनिक खत. युरिया-पोटॅशच्या गोण्या मागे टाकून नेल्या की सांडलेले दाणे रबरी मॅटखाली जातात, ओल ओढून घेतात आणि पत्रा खातात. केळीवाल्यांच्या गाड्यांत हे हमखास सापडतं. आमच्या गाडीतही मॅट उचलल्यावर मागच्या फर्शीत आणि टेलगेटच्या खालच्या कडेला भोकं होती. चासी मात्र पूर्ण धड निघाली. मिस्त्रीने एका वाक्यात निकाल दिला, "चासी बरी शे, पत्रा सडेल शे." पत्र्याचं काम कापून, नवा तुकडा वेल्ड करून, आतून रेड ऑक्साइड आणि खालून अंडरकोट देऊन होतं. कुजलेल्या पत्र्यावर पुटी आणि रंग मारून देणारा भेटला तर गाडी तिथून काढा, दुसऱ्या पावसाळ्यात भोक परत उघडतं.

बाकीची तपासणी

पुढची चाकं जॅकवर उचलून एकदा वर-खाली धरून हलवा, एकदा डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्स. जुन्या थारला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे. बार थकला की नाक खाली बसतं, आणि मग अनेक जण बोल्ट आवळून ते वर उचलून घेतात. तसं केल्याने बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट तिरक्या कोनात काम करतात, रबरी बूट फाटतात आणि ग्रीसमध्ये माती जाते. उंची हवी म्हणून बोल्ट आवळणं हा खर्च पुढे ढकलण्याचा प्रकार आहे.

मागे पाटे आहेत. सेंटर बोल्ट, यू-बोल्टचे नट, शॅकलचे बुश बघा. पाटे उलटे वाकलेले दिसले तर गाडीने आयुष्यभर वजन वाहिलेलं आहे.

हौसिंगचं ऑइल प्लग उघडून थोडं बाहेर काढा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, बहुतेक वेळा ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची, नळी तुटल्यामुळे. गरम हौसिंग फरशी पुलावरच्या थंड पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. प्लगच्या चुंबकाला बारीक राखाडी लेप असणं नेहमीचं. बोटाला टोचतील असे तुकडे लागले तर दाते किंवा लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) उघडून पाहावं लागेल.

फोर बाय फोर कधीही कोरड्या डांबरावर तपासू नका. दोन्ही पिढ्यांत पार्ट-टाइम पद्धत आहे, मध्ये डिफरेन्शिअल नाही. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं आणि तो ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. नांगरलेल्या शेतात किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रात नेऊन फोर-हाय, मग गाडी थांबवून लो (कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) टाका. लोमध्ये चढावर ओढताना ट्रान्सफर केसमधून कटकट आली तर चेन सैल झालेली असते.

इंजिनासाठी तीन साध्या गोष्टी पुरतात. रात्रभर थंड झालेलं इंजिन पहिल्या फेऱ्यात उठतं का, चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडल्यावर जोराचा वाफारा येतो का, आणि मे महिन्याच्या दुपारी, भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या घरात असताना, एसी लावून घाट चढताना तापमानाचा काटा हलतो का. शेवटची परीक्षा जानेवारीत घेऊन काही कळत नाही. पंख्याचा व्हिस्कस कपलिंग आणि आतून गाळ धरलेला रेडिएटर उन्हाळ्यातच उघडे पडतात.

आमच्या यादीत शेवटी पत्रा, पुढचे बॉल जॉइंट, मागचे बुश, क्लच, रेडिएटर, हूड आणि चार टायर आले. सगळ्याचं एकत्र कोटेशन एका गॅरेजकडून लेखी घ्या आणि दुसऱ्याकडून पडताळा. सुटं सुटं केलं की खर्च कळत नाही. आमची कसोटी अशी होती: गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत काम होत असेल आणि चासी धड असेल, तर जुनी ठेवण्यात शहाणपण आहे. आमची गाडी या कसोटीत बसत होती. एवढ्यावर थांबलो असतो तर जुनीच राहिली असती.

आकडे काय सांगतात

जुन्या सीआरडीईत २४९८ सीसीचं इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या पिढीत डिझेल २१८४ सीसीचं, १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन मीटर. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमीवरून २२६ झाला. हा आकडा पाहून लोक भारावतात, पण टायर मोजा. जुनीला २३५/७० आर१६, म्हणजे उंची साधारण ७३५ मिमी. नव्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर१८, साधारण ७८९ मिमी. फरक ५४ मिमी, त्याचा निम्मा २७. म्हणजे वाढलेला क्लिअरन्स जवळजवळ सगळा टायरमधून आलेला आहे, कारण मागचा एक्सल दोन्हीत सलगच आहे आणि हौसिंगच सगळ्यात खाली लोंबतं. जुनीला २४५/७५ आर१६ बसवले तर तिचंही हौसिंग १९ मिमी वर जातं. मात्र स्पीडोमीटर पाचेक टक्के कमी दाखवतो आणि तेवढीच ओढ कमी होते.

खरा फरक मागच्या कोनात आहे, म्हणजे किती उभ्या काठावर गाडीचं टोक जमिनीला न टेकता निघतं त्या मापात. जुनीचा पुढचा कोन ४४ अंश, नवीचा ४१.८; इथे जुनी सरस. मागचा कोन मात्र जुनीचा २७ आणि नवीचा ३६.८. सातपुड्यातल्या नाल्यांचे काठ पावसाने उभे कापलेले असतात. नाल्यातून वर चढताना जुनीचं मागचं हूक मातीत रुततं आणि गाडी लटकते. नवी तिथून न टेकता निघते. मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्याने दगडांच्या वाटेवर चाक जमिनीला धरून राहतं, आणि मागच्या माणसांच्या कमरेलाही ते लगेच कळतं.

नवी रुंद आहे, हे मात्र शेतकऱ्याने विसरू नये. जुनी १७२६ मिमी, नवी १८२०. केळीच्या बागेतल्या वाटा आणि बांधावरच्या गाडवाटा जुन्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. आपल्या वाटेची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजून घ्या.

चिखलात चालवून पाहिलं तेव्हा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह डांबरावर होते, तिने काही ठरत नाही. आपल्या भागात नवी थार असलेल्या माणसाला विनंती करा, डिझेल आपलं टाका, जबाबदारी घ्या आणि तीच वाट तेवढंच वजन घालून चालवा. आम्ही दोन वाटा घेतल्या: पाऊस पडून गेलेली कपाशीच्या शेताकडची वाट आणि शहाद्याहून तोरणमाळला चढणारा सातपायरी घाट.

काळ्या मातीत दोन्ही गाड्या रस्त्याच्या टायरवर सारख्याच हतबल होतात. ही माती चिकट असते, टायरच्या खाचा काही फेऱ्यांतच भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. १३० अश्वशक्तीने चाक फक्त जास्त वेगाने फिरतं. इथे उपयोगी पडतो तो मोठ्या खाचांचा टायर, २० पीएसआयच्या आसपास उतरवलेली हवा आणि लो गिअरमध्ये न थांबता हळू चाल. म्हणजे निव्वळ चिखलासाठी गाडी बदलायची असेल तर आधी टायर बदला, फार पैसे वाचतील. डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची, त्यामुळे १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीतच हवा.

मागचं लॉक, ज्याला एमएलडी म्हणतात, ते दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडल्यावर आपोआप बसतं. जुन्या पिढीत ते २०१५च्या बदलानंतर आलं, त्यामुळे आमच्या गाडीला नव्हतं. चाक घसरू लागलं की ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवायचा; टक असा आवाज येतो आणि दोन्ही चाकं ओढतात. पाय दाबून चाक सुसाट फिरवलं आणि मग लॉक बसलं तर तो झटका दात्यांवर येतो. लॉक तुटतं ते अशाच वेळी. नवीत घसरत्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी व्यवस्थाही आहे. दगडांत ती छान चालते, लांब चिखलात ब्रेक तापतात.

घाटात मात्र नवी फार पुढे होती. चार माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरवर शांत चढली, उतारावर ब्रेक दाबल्यावर नाक डावी-उजवीकडे गेलं नाही. आमच्या जुनीला एबीएस नाही, एअरबॅग नाहीत, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पट्टे नाहीत. नव्या थारला गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने नोव्हेंबर २०२० मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे ४ तारे दिले.

इथे वही पुन्हा समोर आली. आमचे बहुतांश किलोमीटर हायवेवर, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून, अनेकदा अंधारात. जुनीला नवा पत्रा, नवा क्लच, नवे टायर सगळं देता येतं. एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी व्यवस्था) आणि मागच्या माणसांचे पट्टे नंतर बसवता येत नाहीत. घरातली मुलं त्या आडव्या बाकांवर बसून हायवेने जातात हे एकदा कागदावर लिहिल्यानंतर बाकीची चर्चा आपोआप लहान झाली. आम्ही नवी घ्यायचं ठरवलं.

ज्याची गाडी शेत आणि गाव यांच्यातच फिरते, त्याचं उत्तर वेगळं येईल आणि तेही बरोबरच असेल. त्याने चासी धड असेल तर जुनीच नीट करून घ्यावी. नव्या तीन दारी गाडीत चारच जागा आहेत. मजुरांना मागे बसवून न्यायचं काम तिच्याकडून होत नाही. १५ ऑगस्ट २०२४ला आलेली पाच दारी थार रॉक्स मोठ्या कुटुंबाला सोयीची, पण तिचा व्हीलबेस २८५० मिमी, तीन दारीचा २४५०. अरुंद घाटवळणावर आणि नाल्याच्या कुबडावर हे ४० सेंटीमीटर जाणवतात.

कोणती घ्यायची

जानेवारी २०२३ पासून १.५ लिटर डिझेलची थारही मिळते. टॉर्क तोच ३००, आणि सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलानंतर तिच्यावर १८ टक्के कर, तर २.२ डिझेलवर ४०. फरक भुरळ पाडणारा आहे. पण तिला फक्त मागच्या चाकांची ओढ आहे, फोर बाय फोर नाही, लो नाही. मुरमाड वाटेला ती पुरेल, जुलैतल्या काळ्या मातीला नाही. आम्ही २.२ डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर निवडली. ज्या व्हेरियंटचे पैसे भरताय त्याला मागचं एमएलडी आहे का, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. सगळ्या व्हेरियंटना ते नसतं.

महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांत १४ टक्के, त्यावर १५ टक्के. हिशोब करताना तो एक्स-शोरूम किमतीवर मांडा.

जुनीचे कागद

जुनी ठेवणाऱ्याने पंधरा वर्षं होण्याआधी फॉर्म २५ भरून फेरनोंदणी करावी. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची फी ५,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी मिळते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागते. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

विकणाऱ्यासाठी दोन अडचणी हमखास येतात. पहिली, बाहेरून बसवलेला हार्डटॉप. आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद केलेली नसेल तर हस्तांतरणात फाइल अडते. नोंद नसेल तर मूळ हूड परत चढवून गाडी दाखवा. पुढचा बुलबार तर डिसेंबर २०१७ पासून चालतच नाही, तो आधी काढा. दुसरी अडचण सीमेची. आपल्याकडच्या जुन्या जीपना सेंधवा, बऱ्हाणपूर आणि गुजरातकडून गिऱ्हाईक येतं. राज्याबाहेर गाडी जाणार असेल तर फॉर्म २९, ३० सोबत फॉर्म २८ची एनओसी लागते, आणि कर्ज असेल तर आधी फॉर्म ३५ने बोजा उतरवावा लागतो. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी सोडू नका. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्याकडे येते.

विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पुष्कळ लोक हे पत्र न घेताच जुनी सोडतात.

नवी आल्यावर बदलायच्या सवयी

बीएस६ डिझेलला धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ६०० अंशांच्या आसपास ती काजळी जाळतं. त्याला सलग चाल लागते. घर ते मळा, मळा ते घर एवढंच फिरवलं तर जळणं अर्धवट राहतं, डीपीएफ तुंबतो आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर हेच कारण. ऑइल लगेच बदला. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर, साधारण २,००० आरपीएमवर सलग चालवा. डीपीएफचा दिवा लागला असेल तर इंजिन बंद करू नका, चालत राहा.

याच कारणाने मार्च ते जून वाळक्या गवतात, कडब्याजवळ किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी गाडी उभी करायची नाही. काजळी जळत असताना धुराडं जुन्या गाडीपेक्षा कितीतरी तापतं आणि सातपुड्यातलं गवत त्या दिवसांत ठिणगीचीही वाट पाहत नाही. गाडी उघड्या मुरमावर लावा आणि गाडीत पाण्याचा एक कॅन ठेवा.

पाण्याची खोली कंपनीने ६५० मिमी सांगितलेली आहे, ती उभ्या पाण्यासाठी धरा. अनेर-गोमाईच्या वाहत्या पाण्यात फरशी दिसत नसेल तर थांबायचं. पाण्यातून काढल्यावर ब्रेक थोडे दाबून वाळवा, आणि पावसाळ्याच्या शेवटी हौसिंगचा प्लग नवीलाही उघडून बघा.